समुपदेशक चुकला तर दाद कुठे?

(एका नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

घाटकोपर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्याने भाडे नाकारले तर आपण रिक्षाचा नंबर टिपून घेतो. तक्रार आरटीओकडे गेली तर परवाना काही दिवस निलंबित होऊ शकतो, हे आपल्याइतकेच त्यालाही ठाऊक असते. औषधाच्या दुकानात भिंतीवर चौकटीत परवाना लावलेला असतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. पण दारूच्या किंवा गर्दच्या विळख्यात सापडलेला आपला नवरा, मुलगा किंवा भाऊ आपण ज्याच्या हाती दोन-तीन महिन्यांसाठी सोपवतो, त्या व्यसनमुक्ती समुपदेशकाचा नंबर कोणता? तो कुठल्या पुस्तकात नोंदलेला असतो?

या प्रश्नाचे उत्तर थोडे अडचणीचे आहे, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

मी समाजकार्य शिकले आणि पुढची बरीच वर्षे घाटकोपर, असल्फा, विक्रोळी पार्कसाइट या भागांत व्यसनी माणसांच्या कुटुंबांबरोबर काम केले. आमच्याकडे येणाऱ्यांत बायकाच जास्त. त्यातल्या असल्फ्याच्या एका वहिनींनी मला हा प्रश्न पहिल्यांदा सरळ विचारला. त्यांच्या यजमानांना मुंबईबाहेरच्या एका खासगी केंद्रात ठेवले होते. तिथल्या समुपदेशकाने बैठकीत ऐकलेली सगळी हकीकत, कर्जापासून नवराबायकोच्या भांडणापर्यंत, यजमानांच्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला फोनवर सांगितली. हेतू म्हणे चांगला होता, ‘सांभाळून घ्या’ असे सांगायचा. महिन्याभरात नोकरी गेली. वहिनी म्हणाल्या, “ताई, डॉक्टर चुकला तर डॉक्टरांची कौन्सिल असते म्हणतात. यांची कुठे असते?”

यांची कुठेच नसते. निदान डॉक्टरांची असते तशी नसते.

आपल्याकडे व्यसनमुक्ती समुपदेशकाला प्रमाणपत्र मिळते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था आहे, तिच्यातर्फे आणि विभागीय प्रशिक्षण केंद्रांतून अभ्यासक्रम चालतात. पुण्याचे मुक्तांगण हे अशा विभागीय केंद्रांपैकीच एक. चेन्नईला शांती रंगनाथन यांनी १९८० साली सुरू केलेल्या संस्थेनेही देशभरातल्या कार्यकर्त्यांना घडवले. शिक्षण चांगले मिळते, त्यात शंका नाही. पण प्रमाणपत्र आणि परवाना यांत एक मोठा फरक आहे. प्रमाणपत्र सांगते की हा माणूस अमुक इतके शिकला. ते एकदा दिले की दिले, कोणी काढून घेत नाही. परवाना मात्र परत घेता येतो. ज्याचा परवानाच नाही, त्याचा रद्द काय करणार? एका केंद्रातून गैरवर्तनासाठी काढलेला समुपदेशक पुढच्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला लागतो, किंवा स्वतःच चार खोल्या भाड्याने घेऊन केंद्र उघडतो, तेव्हा त्याचे मागचे काही दिसावे अशी सोयच नसते.

आता कोणी म्हणेल, मानसशास्त्रज्ञांची तर नोंदणी असते. असते, आणि ती कुणाची हे नीट समजून घेतले पाहिजे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची केंद्रीय नोंदवही ठेवली जाते. नोंदणीशिवाय काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे, आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव काढूनही टाकता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार परिचारिका आणि मनोचिकित्सा सामाजिक कार्यकर्ते यांची यादी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने ठेवायची आहे. डॉक्टर असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद आहेच. पण व्यसनमुक्ती केंद्रात दिवसभर रुग्णांबरोबर बसणारा जो माणूस, ज्याला सगळे ‘सर’ म्हणतात, तो बहुधा यांपैकी कोणीच नसतो. तो पदवीधर असतो, काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला असतो, आणि पुष्कळदा स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला असतो.

या शेवटच्या गोष्टीला मी दोष मानत नाही. उलट, मराठी माणसाला व्यसनमुक्तीची जी ओळख झाली, ती अशाच माणसांमुळे झाली. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचीही तीच रीत. ‘मीही इथेच कुडकुडत पडलो होतो’ असे सांगणाऱ्या माणसाचे रुग्ण ऐकतो. तेवढे तो माझ्यासारखीचे ऐकत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पण याच गोष्टीत धोकाही आहे. चार्ल्स डेडरिक नावाचा अमेरिकी गृहस्थ अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मदतीने दारूतून बाहेर आला आणि १९५८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची संस्था काढली. हेरॉईनचे व्यसनी तिथे राहून सुधारत, वर्तमानपत्रे कौतुक करत. तिथे एक ‘खेळ’ असे. एकाला मध्ये बसवून बाकीच्यांनी त्याला वाटेल तसे बोलायचे, त्याने माणूस खरा होतो अशी समजूत. डेडरिकला जाब विचारणारे वर कोणी नव्हते. हळूहळू संस्थेचा पंथ झाला, मारहाण सुरू झाली. १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध खटले चालवणारे वकील पॉल मोरांट्झ यांच्या टपालपेटीत शेपटीची खुळखुळ कापलेला विषारी साप ठेवला गेला. साप चावला, वकील वाचले. पुढे १९८० मध्ये डेडरिकने त्या कटाचा आरोप कोर्टात नाकारला नाही, आणि १९९१ मध्ये संस्था बंद पडली. ज्याच्या शब्दावर रुग्ण जीव टाकतो, त्याच्यावर कोणाचीच नजर नसली तर काय होते, ते समजायला हे एक उदाहरण मला पुरेसे वाटते.

अमेरिकेत आज बऱ्याच राज्यांत व्यसन समुपदेशकाला राज्याच्या मंडळाचा परवाना घ्यावा लागतो. तक्रार आली की चौकशी होते, त्याची बाजू ऐकली जाते, आणि मग ताकीद, निलंबन, देखरेखीखाली काम किंवा परवाना रद्द असा निर्णय होतो. असे आदेश जाहीर केले जातात, म्हणजे नवा मालक नेमण्यापूर्वी नाव तपासू शकतो. तक्रारी तरी कसल्या? रुग्णाशी शारीरिक संबंध, गुप्तता मोडणे, रुग्णाकडून उसने पैसे घेणे, न झालेल्या बैठका कागदावर दाखवणे, आणि समुपदेशक स्वतःच पुन्हा प्यायला लागला असताना ते लपवणे. शेवटच्या बाबतीत तिथली मंडळे बरीच समजूतदार वाटतात. व्यसन हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे हे मान्य करून माणसाला उपचार घ्यायला लावतात, काही काळ रुग्णांपासून दूर ठेवतात, मग परत येऊ देतात. पुन्हा पिणे हा गुन्हा धरत नाहीत, लपवून रुग्णांसमोर बसणे हा धरतात. आपल्याकडे मात्र असा समुपदेशक एका रात्रीत गायब होतो. ‘गावी गेले’ असे सांगितले जाते, आणि ज्या दहा जणांनी त्याच्या आधाराने दारू सोडलेली असते ते गोंधळून जातात.

गैरवर्तन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मारहाण येते. मारहाण होतेच. पण मला अधिक काळजी वाटते ती अज्ञानातून, ‘कडक शिस्ती’च्या नावाखाली होणाऱ्या गोष्टींची. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली की दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना तीव्र त्रास होतो. हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसे आणि किडे दिसू लागतात, फिट येते. हे नाटक नसते. वेळेवर औषधे आणि जीवनसत्त्व बी-१ मिळाले नाही तर माणूस दगावू शकतो. अशा वेळी डॉक्टरला न बोलावता ‘दोन दिवस आरडाओरडा करेल, मग गप्प बसेल’ म्हणणारा समुपदेशक आपल्या कामाची हद्द ओलांडत असतो. औषध देणे, औषध बंद करणे हे त्याचे कामच नव्हे.

तसेच ते ‘न कळत दारू सोडवण्याचे औषध’. काही ठिकाणी बायकोच्या हातात गोळ्या दिल्या जातात आणि भाजीत कालवा म्हणून सांगितले जाते. यात पुष्कळदा डायसल्फिराम असते. दारू शरीरात गेली की आधी तिचे एका विषारी पदार्थात रूपांतर होते, आणि मग तो पदार्थ मोडला जातो. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवते. त्यामुळे पिणाऱ्याचा चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. ज्याला माहीत आहे तो या भीतीने पीत नाही, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीत हे चांगले औषध आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमकुवत असेल तर जीवावर बेततो. बिचाऱ्या बायकोला वाटते आपण औषध दिले. दोष तिला देणाऱ्याचा असतो.

गर्द किंवा तत्सम पदार्थ घेणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. काही आठवडे बंद ठेवले की शरीराची सवय मोडते. बाहेर पडल्यावर जुन्या मापाने घेतले तर तोच डोस जीव घेऊ शकतो. हे रुग्णाला आणि घरच्यांना निघण्यापूर्वी सांगणे समुपदेशकाचे कर्तव्य आहे. ‘असे सांगितले तर तो घेईल’ या समजुतीने पुष्कळ जण ते टाळतात. मला ते पटत नाही.

मग आपल्या हाती काय उरते? समुपदेशकाला परवाना नसला तरी केंद्राला नोंदणी लागते, आणि आज कायद्याचा जोर त्या दारावर आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेले मानसिक विकार त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतले. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसल्यास पहिल्या वेळी पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि वारंवार केल्यास तो पाच लाखांपर्यंत जातो.

या कायद्यातल्या काही गोष्टी आपल्या घराघरांत माहीत असायला हव्यात. साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. ही बंदी कशी आली ते आठवा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला एका आश्रमाला आग लागली. रुग्ण खांबांना साखळ्यांनी बांधलेले होते, २८ जण जळून गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. तरी ‘पहिले आठ दिवस बांधूनच ठेवावे लागते’ असे मला सहज सांगणारे केंद्रचालक त्यानंतरही भेटले आहेत. जबरदस्तीने डोके भादरणे, स्वतःचे कपडे घालू न देणे, एकट्याला कोंडणे, मोबदला न देता सक्तीने काम करून घेणे, यांपैकी काहीही चालत नाही. घरच्यांना भेटण्याचा आणि फोन करण्याचा हक्क आहे. ‘पहिला महिना भेट नाही’ असा नियम सर्रास ऐकवला जातो, तो केंद्राच्या सोयीचा असतो.

दाखल करण्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. रात्री गाडी येते, चार जण उतरतात, झोपलेल्या माणसाला उचलून नेतात, आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. घरचे वैतागलेले असतात, त्यांना मी नावे ठेवत नाही. मध्यरात्री दार तोडणाऱ्या मुलाबरोबर दोन खोल्यांत राहणे काय असते ते बाहेरच्याने सांगू नये. पण कायदा असा आहे: स्वतःहून दाखल झालेल्याला जायचे असेल तर सोडले पाहिजे, विशिष्ट परिस्थितीत तपासणीसाठी फार तर चोवीस तास थांबवता येते. ज्याला स्वतःचा निर्णय घेता येण्याजोगी अवस्था नाही, त्याला दाखल करायचे तर त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. शिवाय रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, मुदत तीस दिवसांची असते, आणि पुढे ठेवायचे तर पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते. या सगळ्यात समुपदेशकाची सही कुठेच येत नाही, हे ध्यानात घ्या.

गुप्ततेचेही तसेच. रुग्णाची माहिती बाहेर देता येते ती ठरावीक कारणांसाठीच: उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञाला, कुणाच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाचा आदेश असेल तर. कंपनीतल्या ओळखीच्या माणसाला ‘सांभाळून घ्या’ म्हणून सांगणे यांत बसत नाही. असल्फ्याच्या त्या वहिनी आल्या तेव्हा हा कायदा नव्हता. आज त्यांना तक्रारीला जागा आहे.

व्यसन समुपदेशकांच्या नोंदणीचे काय, तर थोडी हालचाल आहे. २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्य समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश आहे. म्हणजे तत्त्वतः नोंदवही आली, आचारसंहिता आली, नाव काढून टाकण्याची वाट आली. पण राज्यांनी परिषदा स्थापन करायला इतका उशीर लावला की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली. माझे मत विचाराल तर ही नोंदणी करताना व्यसनातून बाहेर आलेल्या कार्यकर्त्यांना मोठमोठ्या पदव्यांच्या अटी घालून बाहेर काढू नये. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग करावा, वर अनुभवी माणसाची देखरेख ठेवावी, पण नाव नोंदवहीत हवेच.

एक आकडा सांगते, म्हणजे हा विषय चार केंद्रांपुरता नाही हे कळेल. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला असतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा १८० मधला एक. त्या एकाला तिथे वाईट अनुभव आला, तर तो परत येत नाहीच, त्याच्या चाळीतले आणखी चौघे जायचे थांबतात.

म्हणून केंद्रात पाऊल टाकताना संकोच न करता विचारा. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. मानसोपचारतज्ज्ञ कोण, ते आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता, समुपदेशकाने कुठे प्रशिक्षण घेतले, त्याच्यावर देखरेख कोण करते, हेही विचारा. प्रत्येक पैशाची पावती घ्या. समुपदेशकाला हातउसने देऊ नका, त्याच्याकडून घेऊ नका. कुठे जावे तेच कळत नसेल तर सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा मोफत फोन आहे. आमच्या भागातली माणसे आधी राजावाडी रुग्णालय गाठतात, तेही योग्यच.

आणि काही वावगे घडलेच तर आधी केंद्राच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे, आणि त्यावर राज्य प्राधिकरणाकडे जाता येते. मारहाण किंवा डांबून ठेवणे असेल तर वाट न पाहता पोलीस ठाणे गाठा. पैसे भरून घेतलेल्या उपचारात हयगय झाली तर ग्राहक आयोग आहे, १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते दार उघडलेले आहे. सरकारी अनुदानावरचे केंद्र असेल तर समाजकल्याण खात्यालाही प्रत पाठवा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर रुग्णाला मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे.

पुनरावलोकन मंडळाचे नाव ऐकून बायका बिचकतात, कोर्टासारखे असेल असे त्यांना वाटते. त्याचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात हे खरे. पण सहा जणांच्या त्या मंडळात दोन जागा अशा आहेत, जिथे आजारातून गेलेली माणसे, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी बसतात.